रंगूची दुसरी हाक

बोर्ली पंचतन,
शनिवार

प्रिय ऋत्विक,

तुझा डबा पोचला. शुभमने तो काल संध्याकाळी आणून माझ्यासमोर ठेवला आणि काही न बोलता आत गेला, म्हणजे त्याला बरंच बोलायचं होतं. झाकणावर तुझ्या आईचं, शकूमावशीचं, नाव कोरलेला तोच स्टीलचा डबा, ज्यातून तुमच्याकडून आमच्याकडे सुकट येते. मला वाटलं सुकटच असेल. उघडला तर आत फासे. सगळे होते. वीस बाजूंचा निळा, ज्याचा एक कोपरा शुभमच्या हातून ओटीवर पडून उडाला होता, तोही होता. वर तुझी चिठ्ठी, 'खेळ बंद. हे शुभमकडे राहू देत.' तुझं अक्षर इतकं चांगलं आहे हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. तुला लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

ऑपरेशन झाल्यापासून मी तुला एकही मेसेज पाठवलेला नाही. हे तुझ्या लक्षात आलं असेल, कारण बाकी सगळ्यांनी पाठवले. त्याचं कारण आहे आणि ते या पत्रात येईल, पण त्याच्या जागी येईल. आधी परिस्थिती मला जशी समजली आहे तशी मांडते. तुझ्या स्वरयंत्रावरची गाठ साधी निघाली. जखम भरली आहे असं डॉक्टरांनी दुर्बिणीने बघून सांगितलं. सक्तीचं मौन संपून महिना उलटला. आवाज पूर्वीसारखा होईल का, हे ते सांगू शकत नाहीत. सराव केला नाही तर होणार नाही, एवढं मात्र ते खात्रीने सांगतात. आणि तू सराव करत नाहीस. आवाजाचा सराव करून घेणाऱ्या अलिबागच्या बाईंकडे एकदा गेलास, पुन्हा गेला नाहीस. घरात पाटीवर लिहून दाखवतोस, बंदरावर जातच नाहीस. यात काही चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू पहिल्यांदा आमच्या ओटीवर आलास तेव्हाही मी तुला दुरुस्तच करत होते. पनवेलच्या होस्टेलमध्ये हा खेळ शिकून आला होतास आणि भरडखोलमध्ये तो कोणी खेळेना, म्हणून शुभमने तुला इथे आणलं. चालवणारा एक आणि खेळणारे तिघं हवे होते. शुभम होता, मी रोह्याहून शनिवार-रविवार घरी असायचे, तिसरं कोणी नव्हतं. बाबा नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. घरातलं नादुरुस्त असलेलं आणि नसलेलं सगळं दुरुस्त करून झालं होतं, आणि आता खुर्चीत बसून पेपर वाचण्याचं सोंग करत आपलं बोलणं ऐकत होते. तू म्हणालास, "सर, बसता का?" बाबांनी विचारलं, "पट कुठाय?" तू म्हणालास पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक माणूस मनाने घ्यायचा. ते सगळे कुठे आहेत, समोर काय आहे, हे चालक सांगणार. आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं. काही अवघड करायचं असेल तर फासा टाकायचा, फाशावरच्या आकड्यात त्या माणसाजवळचं जादूचं बळ मिळवायचं, आणि बेरीज चालकाने ठरवलेल्या आकड्यापर्यंत गेली तर जमलं. "आणि जिंकतं कोण?" बाबांनी विचारलं. "कोणीच नाही, सर." "हरतं कोण?" "तेही नाही." बाबांनी पेपरची घडी घातली. "अरे, मग हा खेळ शाळेत का नव्हता?"

तुला आमच्या घरची रीत तेव्हा माहीत नव्हती. आमच्या घरात कोणाच्या मनगटाला कधी दोरा बांधला गेला नाही. आजोबांनी छप्पन साली जे सोडलं ते सोडलं, आणि बाबांनी ते पाढ्यांसारखं पक्कं केलं. मला लहानपणी ताप आला असताना शेजारच्या काकींनी मंतरलेला दोरा बांधला, तेव्हा बाबांनी त्यांना चहा दिला, त्यांचे आभार मानले, आणि त्यांच्यासमोरच कात्रीने तो कापला. अशा माणसाने तुझ्या खेळात सदा नावाचा एक वाटसरू घेतला आणि तिसऱ्याच रविवारी त्या सदाच्या बोटांत चार जादूच्या अंगठ्या, गळ्यात दोन ताईत आणि कमरेला सिद्ध केलेला पट्टा होता. दिसेल ती मंतरलेली वस्तू सदा उचलायचा. शुभम म्हणाला, "बाबा, तुम्ही जत्रेतलं दुकान झालात." आई गेल्यानंतर बाबांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

त्याच रविवारी त्यांनी बेरीज मांडली. ही अंगठी अधिक दोन, ती अधिक दोन, हा ताईत अधिक तीन, म्हणजे आता सदा चुकूच शकत नाही. तू मान हलवलीस. "तसं नाही, सर. बळाचे प्रकार असतात. आशीर्वाद, कवच, औषध, सोबत. एकाच प्रकारची दोन बळं एकमेकांत मिळवायची नाहीत. त्यातलं मोठं तेवढं लागतं, बाकीची त्याच्याखाली झाकली जातात. वेगवेगळ्या प्रकारची मात्र एकावर एक चढतात." बाबा म्हणाले हा अन्याय आहे. तास झाला तरी भांडत होते. तू हा नियम एका कागदावर मराठीत लिहून आणला होतास, त्यात 'एकाच जातीची बळं' असं होतं. बाबांनी लाल पेन काढलं, 'जातीची' खोडून 'प्रकारची' केलं आणि म्हणाले, "नियम मान्य. शब्द नाही." तुझा चेहरा उतरला होता. तू सॉरी म्हणालास आणि मग कधीही, चुकूनसुद्धा, तो शब्द आमच्या ओटीवर वापरला नाहीस. माझं तुझ्याबद्दलचं पहिलं चांगलं मत तिथे झालं. त्याआधी मला तू फक्त मोठ्याने बोलणारा मुलगा वाटला होतास.

मला तो नियम लगेच पटला, कारण माझा पगारच त्यावर आहे. कारखान्यातली टाकी भरून वाहू नये म्हणून आपोआप बंद होणाऱ्या दोन झडपा लावल्या, पण दोन्ही एकाच मापकाच्या सांगण्यावर चालत असल्या, तर आम्ही त्यांना दोन धरत नाही, एकच धरतो. मापक बिघडला की दोन्ही एकदम गेल्या. नवीन आलेले इंजिनियर इथेच चुकतात. दाराला एकसारखी तीन कुलपं लावतात आणि तिन्हींच्या चाव्या एकाच खिळ्याला टांगतात. त्यांना वाटतं आपण फार काळजी घेतली. काळजी घेतलेलीही असते. पण ती एकाच प्रकारची असते. तू तेव्हा म्हणाला होतास की रचनाला जादू कळते, कारण ती जादूला झडप समजते. मी रागावले नव्हते. तसा चेहरा केला होता.

तुझा निळा फासा मी मिठागरावरचं जाडं मीठ घातलेल्या पाण्यात तरंगवून पाहिला होता, आठवतं? सारखा तोच कोपरा वर यायचा. मी सांगितलं की फासा एका बाजूला जड आहे, बदल. तू तो पाण्यातून काढून शर्टाला पुसलास आणि खिशात ठेवलास. म्हणालास, "असू दे, त्यालाही स्वभाव असेल." मी वाद घातला नाही. चुकीच्या गोष्टीवर मी वाद घातला नाही, असं माझ्या आठवणीत तेवढं एकदाच झालं.

तुझ्या आवाजाबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण त्याला वळसा घालून जाता येत नाही. बंदरावर तू पुकारायचास तो माशांचा लिलाव मी एकदा ऐकलाय, बाबांना ताजी सुरमई हवी होती तेव्हा. होड्यांची इंजिनं चालू, बर्फ फोडणाऱ्यांचे दणके, बायकांची भांडणं, आणि त्या सगळ्याच्या वर तुझा आवाज. भाव चढत जायचा आणि त्याच्याबरोबर तूही. माशांच्या पाट्या उचलणाऱ्या बायका म्हणत होत्या, "शकूचाच गळा घेतलाय पोरान." रविवारी तोच आवाज तू इतका खाली आणायचास की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. मी वाकायचे. बाकीचे किती वाकायचे ते मी पाहिलेलं नाही.

मार्चमधल्या त्या रविवारी तू धुक्यातल्या म्हाताऱ्या नावाड्याचं बोलणं करत होतास आणि वाक्याच्या शेवटी नुसती हवा आली. शुभमने टाळी वाजवली, त्याला वाटलं अभिनय आहे. मी वाजवली नाही. तुझा हात गळ्याकडे गेलेला मी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी रोह्याला गेल्यावर घशाच्या डॉक्टरांचे तीन पत्ते शोधून शुभमला पाठवले आणि त्याला सांगितलं की मी दिलेत असं सांगू नकोस. त्याने सांगितलंच असणार.

आता त्या शेवटच्या रविवारबद्दल. दुसऱ्या दिवशी तुम्ही मुंबईला हॉस्पिटलला निघणार होतात. शुभम म्हणाला, आज ऋत्विकने चालवायचं नाही, खेळायचं. नियम ताईला पाठ आहेत, ती चालवेल. मी चालक झाले, म्हणून खेळातली माझी ठमी, जी एरवी सगळ्यांच्या पुढे भिंतीवर चढते, तिला आपण किनाऱ्यावर मागे ठेवलं. तू रंगू नावाचा नावाडी घेतलास. शकूमावशी तुला न्यायला आली होती ती उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "मना पण दे एक माणूस. नाव बिव नको, मी शकूच." तिला मी एक आशीर्वाद दिला, अधिक दोनचा. तो हातात आहे असं समजून तिने मूठच मिटून घेतली.

खाडीच्या तोंडाशी होडी वाळूच्या दांड्याला लागली. रंगू ढकलायला खाली उतरला. होडी सुटली, धुक्यात गेली, सदा, शकू आणि शुभमचा माणूस तिच्यात, आणि रंगू एकटा वाळूवर. भरती चढतेय. यातलं मी आधी काहीच ठरवलेलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. उतरतो असं तूच म्हणालास, आणि होडी सुटण्याचा फासा शुभमने टाकला. मी विचारलं, रंगू काय करतो? तू म्हणालास, "हाक मारतो." आणि कोण कोणाला हाक मारतंय हे ओटीवर सगळ्यांना एकदम कळलं. होडीपर्यंत आवाज पोचायला चौदा लागणार होते.

आपल्या खेळाची एक रीत आहे, तूच लावलेली. आशीर्वाद द्यायचा तर तो चालकाच्या कानात सांगायचा, ज्याला दिला त्यालाही फासा पडेपर्यंत कळू द्यायचं नाही. बाबा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, सदाच्या अंगठीतला आशीर्वाद रंगूला. शुभम आला, त्याने त्याच्या सगळ्यात मोठ्या ताईतातला आशीर्वाद दिला, अधिक तीनचा, जो तो वर्षभर राखून होता. शकूमावशी आली, मूठ उघडली, म्हणाली, "मोठ्यान सांगू का हळू?" तिघांनाही माहीत नव्हतं की बाकी दोघांनी काय दिलंय. तिघांनीही जे सगळ्यात जवळचं होतं तेच दिलं. तिघांनीही एकच प्रकार दिला, आणि तिघांनीही होडीत बसून दिला.

फाशावर नऊ पडले. मी तिन्ही आशीर्वाद उघड केले आणि त्यातला मोठा तेवढा धरला. नऊ आणि तीन, बारा. हाक पोचली नाही. शुभम ओरडला, "ताई, आजच्या दिवस तरी!" शकूमावशी मात्र ओरडली नाही, तिने नुसतं विचारलं, "आयशीचा आशीर्वाद तुझ्या नियमात धरत न्हाय काय गो?" मी म्हणाले, "मावशी, तो शून्य झालेला नाही. मोठ्याच्या खाली आहे. वरचा उठला तर तुमचाच लागेल." तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाबा, जे या नियमाशी तासभर भांडले होते, ते म्हणाले, "नियम नियम आहे," आणि पाणी आणायला आत गेले, आणि पाणी न घेताच परत आले. आणि तू हसलास. त्या फाटलेल्या आवाजात म्हणालास, "बरोबर आहे तिचं." तुझ्या आवाजात मी ऐकलेले ते शेवटचे शब्द.

त्या निकालाबद्दल मी माफी मागत नाही. आज कोणी विचारलं तर तोच देईन. बेरीज करून टाकली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं आणि तुला कळलं असतं की आम्ही तुझी कीव करतोय. तुझ्या डोळ्यांत मला दिसलं की नियम मोडला नाही याचं तुला बरं वाटलं. हे मी चुकीचं वाचलं असेल तर तसं लिही. एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खुपत होती. चालकाला काही देता येत नाही. त्या खुर्चीत बसल्यावर हातात नियम असतात, बळ नसतं.

नंतर तू घरी आलास तेव्हा बाबांबरोबर मीही तुमच्याकडे आले होते. तू पाटी मांडीवर घेऊन बसला होतास आणि येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता. सगळं ठीक होईल. काळजी करू नको. एकदा बोल बघू, नुसतं आई म्हण. सगळे मनापासून म्हणत होते. शुभम सांगतो की तुझ्या फोनवरही तेच आहे, खाली खाली सरकवत गेलं तरी तेच. मी तिथे बसून मोजणी केली, माझी सवय तुला माहीत आहे. हे सगळं एकाच प्रकारचं बळ होतं, आणि एकाच प्रकारच्या बळात लागतं ते सगळ्यात मोठं. ते तुझ्या आईचं आहे. मावशी पुन्हा बंदरावर उभी राहायला लागली, गुडघे धरून, तुझ्या जागेवर लिलाव पुकारते. शुभम परवा ऐकून आला. सांगत होता की शेवटचा भाव ती तुझ्यासारखाच एकदम खालच्या आवाजात सोडते. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी ती माझ्याकडे बराच वेळ का पाहत होती. तुझ्या आवाजाखाली तिचा गळा इतकी वर्षं झाकलेला होता, म्हणून खाली झाकलं गेलेलं बळ म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

म्हणून मी मेसेज पाठवला नाही. माझी सदिच्छा तिच्या सदिच्छेखाली झाकली गेली असती. मी काहीतरी दिलं असं मला वाटलं असतं, आणि तुला काहीही मिळालं नसतं. जिथे मोजलं जाणार नाही तिथे टाकायला माझ्याकडे फार नाही, ऋत्विक. जे आहे ते मला लागेल तिथेच टाकायचं होतं.

मग मी लांब सुट्टी घेतली आणि दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला जाऊन, तिथून एसटीने अलिबागला गेले. त्या बाईंना भेटले. त्यांनी तुझ्याबद्दल एक अक्षरही सांगितलं नाही, आणि ते योग्यच आहे. मीही विचारलं नाही. मी एवढंच विचारलं की अशा माणसाकडून तुम्ही काय करून घेता. त्यांनी एक पाण्याची बाटली घेतली, तीत स्ट्रॉ घातला, आणि स्ट्रॉमधून हुंकार देत बुडबुडे काढून दाखवले. खालपासून वरपर्यंत आणि परत खाली. मग ओठ फुरफुरवून गाडी चालवणाऱ्या लहान मुलासारखा आवाज. मी विचारलं, सोपं आहे, मग लोक सोडतात का? त्या म्हणाल्या, "दुखतं म्हणून कोणी सोडत नाही. आवाज येत नाही म्हणूनही नाही. कसातरी येतो, आणि तो कोणी ऐकेल याची लाज वाटते." परतीच्या बोटीत मी त्याच वाक्याचा विचार करत होते. ज्याच्या आवाजाने सुरमईचा भाव ठरायचा, त्याने एका छोट्या खोलीत, खुर्चीवर बसून, बाटलीत चिरकायचं. तू एकदाच का गेलास ते मला समजलं.

मी शाळेच्या प्रार्थनेत नुसते ओठ हलवायचे. वाढदिवसाचं गाणंसुद्धा मी म्हणत नाही, याचा तुम्ही सगळ्यांनी चेष्टेचा विषय केलेला आहे. तरीही घरी आल्यावर मी बाटली घेऊन बसले. पहिल्या दिवशी बाबा बाहेरून ओरडले, "रचना, पाणी उकळतंय बघ." दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "वरचा सूर तुला लागत नाही." तिसऱ्या दिवसापासून काही विचारलं नाही, त्यांना समजलं. शुभमच्या मते शेजारच्यांनी चौकशी केली की गुरुजींनी रेडा घेतला का. मी रोज करतेय. सुधारणा नाही. फुरफुरणं तर मला अजून येतच नाही, ओठ कोरडे पडतात.

मागच्या आठवड्यात शकूमावशी बांगडे घेऊन आली होती. उंबऱ्यावर त्याच जागी बसली. म्हणाली, "तो फासे घेऊन बसतो गो. टाकीत न्हाय. नुसता बघतो." मला त्या वाक्याने बरं वाटलं होतं. नंतर काल हा डबा आला.

तर आता हे पत्र का लिहिलं ते. त्या रविवारी रंगू बुडाला असं मी म्हटलेलं नाही. तुम्ही सगळ्यांनी तसं धरलंत, तूही. माझे शब्द होते, "पाणी गुडघ्याला लागलं. आज इथे थांबू." तुझाच नियम आहे की चुकलेली हाक तशीच पुन्हा मारता येत नाही, पण परिस्थिती बदलली तर येते. परिस्थिती बदलली आहे. ठमी त्या दिवशी किनाऱ्यावर होती. ती पाण्यात उतरून वाळूच्या दांड्यावर आली आहे आणि रंगूच्या शेजारी उभी आहे. ती सोबतीचं बळ देतेय. ते फक्त दोन असतं, देणाऱ्याला हाताच्या अंतरावर उभं राहावं लागतं, स्वतःची खेळी सोडावी लागते, आणि एकावर जे येईल ते दोघांवर येतं. म्हणून आपल्या खेळात ते कधी कोणी वापरलं नाही. शुभम त्याला तोट्याचा धंदा म्हणायचा. पण ते सगळ्यांवर चढतं. नऊ, अधिक तीन, अधिक दोन. चौदा लागत होते. हे मी तिथे बसल्या बसल्याच मोजलं होतं. फासा अर्थात पुन्हा टाकावा लागेल, आणि काय पडेल ते मी सांगू शकत नाही. चालक बाबा असतील, त्यांनी लाल पेन शोधून ठेवलंय. पण ते नंतर. हे पत्र शुभम आजच आणून देईल. उद्या संध्याकाळी पाच वाजता मी भरडखोलच्या धक्क्यावर, जाळी वाळत घालतात त्या टोकाला येते. दोन बाटल्या, दोन स्ट्रॉ आणि तुझा निळा फासा घेऊन. तू बोलायचं नाहीस. आधी मी सुरू करीन. माझा आवाज तुझ्याहून वाईट आहे, याला साक्षीदार आहेत. तू आला नाहीस तर मी एकटीच तिथे बसून बुडबुडे काढीन आणि तुमच्या गावातल्या सगळ्या बायका बघतील. आलास तर जास्तच बघतील, आणि तुमच्याकडे काय बोलतील, आमच्याकडे काय बोलतील, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी त्या बळाचा नियम पूर्ण वाचूनच हे लिहितेय. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ठमी पोहता येतं म्हणून उतरली का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग बरोबर आहे." पाणी गुडघ्यापर्यंत आहे, आता दोघांच्याही. हाक मारायची पाळी तुझी आहे. आणि खाली लिहिलेला शब्द मी पत्राची रीत म्हणून लिहिलेला नाही.

तुझीच,
रचना